यजमानाची पाळी

३ जून

निष्पक्षता सप्ताह सुरू झाला. आजपासून पाच दिवस ऑफिसात न्याय नांदणार — दहा ते पाच, मध्ये जेवणाची सुट्टी.

मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी भिंतीवर तराजूचं चित्र लावलं. जरा तिरकं लागलंय. कुणीतरी म्हणालं, सरळ करा. "राहू दे, चिकटपट्टी संपली." चित्राखाली सूचनापेटी, पेटीला कुलूप, किल्ली साहेबांकडे. म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार करायची त्यांच्याच खिशात! यालाच पारदर्शकता म्हणतात म्हणे.

आणि हे सगळं चौथ्या मजल्यावर, जिन्याने. गावभरच्या लिफ्ट सांभाळणारी कंपनी आमची, आणि आमच्याच इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद. दिव्याखाली अंधार. मॅडम धापा टाकत वर आल्या आणि समान संधीवर अर्धा तास बोलल्या.

शेवटी साहेब उठले. "एक छोटीशी घोषणा." साहेबांच्या छोट्या घोषणा मी चांगल्या ओळखते. या तिमाहीपासून तक्त्यात जो शेवटचा येईल त्याला "नव्या संधींसाठी मोकळं करण्यात येईल". आठ टेबलांतून एक. "यात माणसाचा हातच नाही. यंत्र सरासरी काढतं. यंत्र कुणाचा काका नाही की मामा नाही." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सवय!

मग पलीकडच्या टेबलाकडे बघितलं, तर आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, आमचे काकाही वाजवत होते.

४ जून

लिहूनच काढते. म्हणजे मी काय करून बसलेय ते मला तरी नीट कळेल.

आमचं काम साधं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतलं लाल बटण दाबतं, ते आमच्या कानात वाजतं. मेकॅनिकला पाठवायचं आणि तो पोचेपर्यंत अडकलेल्याला धीर द्यायचा. तक्ता मात्र एकच गोष्ट मोजतो — एका कॉलमागे सरासरी मिनिटं किती. आत कुणी रडत असेल आणि तुम्ही चाळीस मिनिटं त्याच्याशी बोलत बसलात, तर तुम्ही मठ्ठ. "मदत निघाली आहे" म्हणून पटकन फोन ठेवलात, तर कार्यक्षम.

कॉल दोन जातींचे. एक टिचकी — पोरं खेळताना दाबतात, कुणाचं कोपर लागतं, "सॉरी सॉरी" म्हणतात, दहा सेकंदांत खलास. दुसरा पाहुणा. खरोखर अडकलेला, घाबरलेला. आला की बसतो.

चार वर्षांपूर्वी तक्ता आला तेव्हा आम्ही डोकं लढवलं. शेवटचं कुणीतरी येणारच, मग पाळीने यावं! दर तिमाहीला एक यजमान. बाकीचे आपापले पाहुणे त्याच्याकडे जोडून देतात. यजमान निवांत बोलतो, तक्त्यात तळाला जातो, साहेबांचं तासाभराचं व्याख्यान ऐकतो, "सुधारणेस वाव" असा शेरा घेतो आणि पुढे दोन वर्षं सुटतो. अडकलेल्यांनाही बोलायला माणूस मिळतो. यादी वकिलाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. (वकील म्हणजे तीन नंबरचं टेबल. प्रत्येक नियमाला पोटनियम काढतो, म्हणून वकील.) साहेबांना चार वर्षांत वास नाही लागला.

एप्रिल ते जूनची पाळी माझी होती.

माझी! पण मार्चमध्ये पाळीप्रमुखाची जागा निघाली. कायम सकाळची ड्यूटी, दर आठवड्याला वेळ बदलायची कटकट नाही, लेक शाळेतून येईल तेव्हा मी घरात. शेरा असला की अर्ज बाद. म्हणून मी काकांना जिन्यात गाठलं. "काका, या वेळची माझी पाळी तुम्ही घेता का? तुमची पुढच्या वर्षीची मी घेईन." काका म्हणाले, "दे की. मला काय, गप्पाच मारायच्यात."

एवढंच. मी वर जाऊन यादीत माझं नाव खोडलं आणि काकांचं लिहिलं. चांगलं सुवाच्य अक्षरात.

५ जून

काकांची सरासरी ११.२. त्यांच्या वरचा माणूस पाचच्या आसपास. मधली दरी उडी मारून जाण्यातली नाही.

काका सत्तावन्न वर्षांचे. काकूंना दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून त्यांची वाचा गेलीय. त्यांचे उपचार कंपनीच्या विम्यावर चालतात. नोकरी गेली की विमा गेला. हे मला मार्चमध्ये माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. माहीत होतं. शेवटचं आलं तर नोकरी जाईल हे माहीत नव्हतं, एवढंच.

आज दुपारी त्यांच्याकडे एक आजी अडकलेल्या. मी खुणेने सांगितलं, ठेवा आता. काकांनी माइकवर हात धरला. "अगं, ती एकटी आहे आत. ठेवू कसा?" आणि पुन्हा आजींना, "हां, मग शेजारीण काय म्हणाली?" बावन्न मिनिटं! नोकरी जातेय आणि यांना शेजारणीची चिंता.

७ जून

सप्ताहाची सांगता. प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न: न्याय म्हणजे काय? अ) समानता ब) पारदर्शकता क) सहानुभूती ड) वरील सर्व. मी ड लिहिलं. पहिलं बक्षीस मला. पाण्याची बाटली, तिच्यावर ठळक अक्षरात "मी निष्पक्ष". मॅडमनी फोटो काढला. देवाला विनोदाची चांगली जाण आहे.

१० जून

जिन्यात बैठक, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. विषय काका. काकांना बोलावलं नव्हतं, कारण त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल कळवळा कसा दाखवणार!

वकिलाने सुरुवात केली. "पाळी ज्याची त्याची. अदलाबदल ऐच्छिक होती, साक्षीदार यादी." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी पायऱ्यांकडे बघितलं. "फार वाईट झालं" असं प्रत्येकाने एकदा म्हटलं. "मी तळाला जातो" असं कुणी म्हटलं नाही. त्या बैठकीत मीही होते.

शेवटी बाळाची आई म्हणाली, "निदान आता पाहुणे तरी काकांकडे पाठवू नका ना." साधी गोष्ट, पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. ही सहा नंबरचं टेबल. बाळंतपणाची रजा संपवून १९ मेला परत आलीय. यादीत तिला वर्षभर माफी आहे. तो ठराव वकिलाचाच — माणूस अगदीच दगड नाही.

ठरलं. ज्याने त्याने आपले पाहुणे आपणच बघायचे.

११ जून

बघतोय तर! सकाळपासून खोलीभर एकच आरती: "मदत निघाली आहे, मदत निघाली आहे." खट. पुढचा. एवढे कार्यक्षम आम्ही चार वर्षांत कधी नव्हतो. फक्त सहा नंबरवरून हळू आवाजात काही चाललं होतं. कुणी शाळकरी मुलगा अडकला असावा, ती त्याला पाढे म्हणायला लावत होती.

१२ जून

नवऱ्याला सगळं सांगितलं. शर्टाला इस्त्री करता करता त्याने निकाल दिला. "तू काय त्यांचा हात पिरगाळलास का? त्यांनी आपणहून घेतली ना? मग झालं तर." इस्त्री फिरवत राहिला. मग म्हणाला, "पण लेकीला सांगताना मार्चमधला भाग गाळ हो."

१३ जून

ठरवलं. पाळी माझी, तर यजमान मीच. सगळ्यांना सांगितलं, पाहुणे माझ्याकडे जोडा. कागदावर आकडेमोड केली: रोज सात-आठ पाहुणे घेतले तर तीस तारखेपर्यंत मी काकांच्या खाली जाते. वकिलाने माझा हात हातात घेऊन हलवला. "तुम्ही मोठ्या आहात." माझे सगळ्यात जास्त पाहुणे आज त्याच्याकडूनच आले.

पहिला पाहुणा मोजे विकणारा. सत्तेचाळीस मिनिटं. आधी थरथरत होता, मग मोज्यांच्या सुताबद्दल बोलायला लागला आणि थांबेचना. सुटल्यावर म्हणाला, "बाई, तुमचा आवाज होता म्हणून." फार दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं रडूही आलं.

१६ जून

तक्त्यात मी चार दिवसांत दुसऱ्यावरून पाचवी. छान चाललंय. तक्त्याकडे बघवत नाही, पण छान चाललंय.

१७ जून

पत्र आलं. पाळीप्रमुखाची मुलाखत २४ तारखेला. "अर्जदाराची चालू तिमाहीची सरासरी विचारात घेतली जाईल."

१८ जून

कान दुखायला लागलाय. लांबचे कॉल झेपणार नाहीत, असं सगळ्यांना सांगितलं. डावा कान. उद्या कुणी विचारलं तर गोंधळ नको म्हणून लिहून ठेवते — डावा.

१९ जून

सुचलं! इतके दिवस उलट्या बाजूने विचार करत होते. कुणी खाली जायची गरजच काय? काकांना वर उचलायचं! सगळ्यांनी आपापल्या टिचक्या काकांकडे पाठवायच्या. दहा-दहा सेकंदांचे शंभर कॉल रोज मिळाले की सरासरी दगडासारखी खाली येते. कुणाचं काही जात नाही, कुणाला काही द्यावं लागत नाही. साप मरावा आणि काठीही तुटू नये, ते हेच.

जिन्यात मांडलं. वकील म्हणाला, "मी एकाआड एक देईन. माझाही संसार आहे." बाकीचे म्हणाले, बघू. बाळाची आई लगेच म्हणाली, "माझ्या सगळ्या घ्या, ताई." मी म्हटलं, अगं, सगळ्या नकोत. "नाही, सगळ्याच. मी दिवसातून दोनदा दूध काढायला जाते, तेव्हा काका न सांगता माझा हेडफोन कानाला लावतात. साहेबांना आजवर कळलं नाही."

बघा, म्हणजे न्यायाला फक्त कुणीतरी आयोजक लागतो.

२१ जून

चाललंय! काका ९.१.

काका मात्र वैतागलेत. "काय गं हे, दिवसभर पोरंच? बटण दाबतात आणि पळतात. बोलायला कुणी येतच नाही." मी म्हटलं, काका, तुमच्या भल्यासाठी आहे. "ते कळतं गं. पण घरी ही बोलत नाही, आणि आता इथेही कुणी नाही."

माणसाचं भलं करायला जावं तर माणूसच आडवा येतो!

२२ जून

आज बोलायचंच असं ठरवून काकांसोबत जिना उतरले. म्हटलं, काका, पाळी माझी होती, मला झोप लागत नाही. ते कठड्याला धरून थांबले. "तू फसवलंस का मला? नाही. मग कशाला जिवाला लावून घेतेस?" एक मजला गेला. मग म्हणाले, "फक्त एक सांगू? मी हो म्हटल्यावर तू 'बरं झालं' म्हणालीस. थँक्यू नाही म्हणालीस. तेवढं लक्षात राहिलं बघ."

मी तिथल्या तिथे म्हणाले. तीन महिने उशिरा म्हटलेलं थँक्यू कसं ऐकू येतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत. उरलेले दोन मजले आम्ही पायऱ्या मोजत उतरलो.

२४ जून

मुलाखत. साहेब, मॅडम आणि वरच्या ऑफिसातले एक टायवाले. टायवाल्यांनी विचारलं, "कामाच्या ठिकाणी अन्याय दिसला आणि तुम्ही काही केलंत, असा प्रसंग सांगा."

मी सांगितला! एका ज्येष्ठ सहकाऱ्यावर परिस्थितीने अन्याय होत होता, मी सगळ्यांना एकत्र आणलं, आणि कुणाचंही नुकसान न होता तोडगा निघाला. नाव गाळलं, पाळी गाळली, टिचक्या गाळल्या. उरलं ते फार सुंदर होतं. मॅडमनी डोळे पुसले. टायवाल्यांनी लिहून घेतलं. साहेब म्हणाले, "हिला निष्पक्षतेचं बक्षीसही मिळालंय बरं का." बाटली मी टेबलावर ठेवलीच होती, अक्षरं त्यांच्याकडे करून.

२६ जून

टिचक्यांचा नुसता पाऊस. तक्ता मी दिवसातून दहा वेळा बघते आणि त्यात दोनच ओळी बघते — काकांची आणि माझी. माझी पुन्हा तिसरी. कान बरा झाला.

वकील आज एकाआड एकसुद्धा देत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "पोटनियम." सहा नंबरवरून मात्र टिचकी आली की आलीच इकडे. हाताला वळण पडलंय तिच्या.

२७ जून

काका ७.४. अजून तळालाच, पण वरची ओळ हाताच्या अंतरावर आलीय. किती जवळ आलीय एवढंच मी बघितलं. कुणाची आहे ते नाही बघितलं.

संध्याकाळी तक्ता बंद केला. शेवटचे तीन दिवस तो कुणालाच दिसत नाही. निष्पक्षतेसाठी.

३० जून

शेवटचा दिवस. पाच वाजेपर्यंत शेवटच्या टिचक्याही काकांकडे लोटल्या. सुटताना बघतो तर आमची लिफ्ट सुरू! दीड महिन्याने. सगळे एकदम आत शिरलो आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये दोन क्षण अडखळली. मग काका म्हणाले, "घाबरू नका, मदत निघाली आहे." इतके हसलो, इतके हसलो. बाळाची आई तर पोट धरून खालीच बसली. तळमजला आला तरी कुणाला बाहेर पडवेना.

१ जुलै

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी पाळीप्रमुख! कायम सकाळची पाळी, आणि कोपऱ्यातलं टेबल. काम काय, कागद कुठले, सह्या कुठे करायच्या, सगळं समजावलं. आणि उठता उठता: "तुमचे काका वाचले बरं का. सातवे आले. मलाही आश्चर्य वाटलं. माणसाने मनावर घेतलं की सुधारतो."

काका वाचले! काकूंचे उपचार वाचले. मी जागा मिळवली ती कुणाचं वाईट न करता मिळवली. महिन्याभराचा दगड छातीवरून उतरला. फोन करून काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." आणि मग, "थँक्यू हो." लेकीला सांगितलं, उद्यापासून तू शाळेतून आलीस की दार मी उघडणार. तिने उडी मारली. नवरा म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" त्याने नक्की काय म्हटलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवेना.

आठवं कोण आलं ते साहेबांना विचारायचं राहिलं. यादी उद्या लागेलच.

२ जुलै

नव्या टेबलावर पहिलं काम. एक पत्र, खाली सहीची जागा: पाळीप्रमुख. पेन उघडायच्या आत बाळाची आई समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात यादी होती, बोट आठव्या ओळीवर. आवाज शांत. "ताई, यंत्राचं काहीतरी चुकलंय. मी तर तुम्ही सांगितलंत अगदी तसंच केलं, एकही टिचकी ठेवली नाही. तुम्हाला यातलं कळतं. जरा बघता का, कुठे चुकलंय ते?"

मी तिला बसवलं. बाटलीतलं पाणी दिलं. बघते, म्हणाले.